शाकारणी: भारतातल्या घरांकडे पाहण्याआधी

वैशाख सरत आला की आमच्या कोकणातल्या घरावर माणसे चढत. नळे एकेक करून उतरवायचे, त्यांतला पाचोळा आणि पाखरांची घरटी झाडायची, माकडांनी फोडलेले तुकडे बाजूला काढायचे, कुजलेली रीप बदलायची आणि वळचणीपासून सुरुवात करून नळ्यावर नळा बसवत आढ्यापर्यंत जायचे. मृग लागण्याआधी ही शाकारणी उरकायला हवी. त्या दोन-तीन दिवसांत घराचे छप्पर उघडे पडे आणि वर्षभर अंधार असलेल्या माजघरात थेट ऊन उतरे. आजी त्या उन्हात गोधड्या टाकायची. घर किती जुने, असे पाहुण्याने विचारले की घरातल्या मोठ्यांना उत्तर जमत नसे. खांब पणजोबांच्या वेळचे, मागची भिंत एका पावसात बसली म्हणून नव्याने घातलेली, जमीन दर आठवड्याला सारवलेली, आणि कौले तर दरसाल थोडी थोडी नवीच. मग वय कशाचे मोजायचे?

भारतातल्या पारंपरिक घरांवरच्या या ग्रंथाला प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला. आपला कायदा वारशाचे वय साहित्यावरून मोजतो. १९५८च्या प्राचीन वास्तूंच्या कायद्याला निदान शंभर वर्षे जुनी वास्तू लागते, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत आज सुमारे ३७०० स्मारके आहेत. त्यांत मंदिरे, मशिदी, लेणी, किल्ले, थडगी, स्तूप. देव आणि राजे यांच्या वास्तू दगडात बांधल्या गेल्या म्हणून त्या उरल्या, आणि उरल्या म्हणून त्यांचा इतिहास लिहिला गेला. कुडाची, मातीची, बांबूची, गवताची घरे मात्र दरसाल नवी होत राहिली. त्यांच्यात जुने असे जे होते, ते ती नवी करण्याच्या रीतीत होते. भारतीय घराचा वारसा त्या रीतीत आहे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सगळे लेखन त्या मताच्या उजेडात आहे.

आधी भाषेकडे पाहू, कारण घरे पडली तरी शब्द बराच काळ उभे राहतात. आपण खाल्ल्या घरचे वासे मोजतो, कचेरीचे उंबरे झिजवतो, कुणाच्या वळचणीला राहतो. फ्लॅटला वासा नसतो आणि वळचणही नसते, तरी मराठी बोलणाऱ्याला त्यांच्यावाचून करमत नाही. घराचे मोजमापही शब्दातच होते. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठे हे 'तीन खणी' किंवा 'पाच खणी' एवढ्याने कळे. चौरस फूट आले आणि ते माप गेले. देशावरच्या शेतकऱ्याने तर अख्खे गाव दोन रंगांत वाटले होते. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जमीन ती पांढरी. माळवदावर घालायची माती या पांढरीचीच. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत आणि उठत राहिलेल्या जागेची ती माती. पडलेल्या घराची माती पुढच्या घराच्या डोक्यावर जायची. ओसाड पडलेल्या गढ्यांचे बुरूज गावकऱ्यांनी खणून नेले, त्याला आपण आज नासधूस म्हणतो. गावाच्या जुन्या हिशेबात ती मातीची परतफेड होती.

हा एका प्रदेशाचा हिशेब झाला. देशभर असे शेकडो आहेत. हिमाचलात देवदाराच्या ओंडक्यांचा एक थर आणि दगडांचा एक थर असे आलटून पालटून चुन्यावाचून भिंत उठवतात. तिला काठ-कुणी म्हणतात, काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. खाली गुरे, वर माणसे, आणि गुरांची ऊब वर येते. काश्मीरमध्ये लाकडाच्या चौकटीचे लहान लहान कप्पे करून त्यांत दगड-विटा भरतात, ती धज्जी देवारी. धज्जी म्हणजे चिंधी, ठिगळ. कच्छच्या बन्नीत गोल भिंतींचा आणि शंकूसारख्या छपराचा भुंगा, आत लिंपणकामातले आरसे. ब्रह्मपुत्रेच्या पुरात राहणारे मिसिंग लोक बांबूच्या खांबांवर चांग घर बांधतात. मागच्या पुराचे पाणी कुठवर चढले होते ते पाहून मचाणाची उंची ठरते. निलगिरीतल्या तोडांचे घर उभ्या कापलेल्या पिंपासारखे, आत शिरायला रांगावे लागते. अहमदाबादच्या पोळांत एकमेकींना टेकलेल्या लाकडी हवेल्या आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारे टांके. २०१७ साली या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा तो मान भारतातल्या शहरांत पहिला होता. मला त्यात विशेष हे वाटते की तो दर्जा शहराच्या मशिदींइतकाच साध्या गल्ल्यांनाही मिळाला.

अशी यादी करत बसले तर पाने पुरणार नाहीत, आणि यादीचा एक धोकाही आहे. प्रत्येक घर आपापल्या प्रदेशात कोंडलेले दिसू लागते, जणू कच्छचे कच्छात उगवले आणि केरळचे केरळात. पण घरे फिरतात. सर्वांत लांबचा प्रवास बंगालच्या झोपडीने केला. तिथे पाऊस झोडपून काढतो, म्हणून बांबू वाकवून छपराच्या कडा खाली झुकवत आणि आढेही कमानीसारखे वक्र ठेवत. ही चाल तिथल्या राजांना इतकी आवडली की विष्णुपूरच्या मल्ल राजांनी तीच झोपडी विटांत आणि भाजलेल्या मातीत उभी केली. तिथले जोडबंगला मंदिर १६५५चे आहे, दोन झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या असाव्यात तसे. त्याच शतकात ती वक्र रेघ मुघल दरबारात पोचली होती. आग्र्याच्या किल्ल्यात शाहजहानच्या महालांजवळ ती संगमरवरात आहे. पुढे राजस्थानच्या झरोक्यांवर ती दिसते. मग इंग्रज आले. त्यांनी बंगालच्या खेड्यातले घर आणि त्याचा व्हरांडा उचलला, मोठा केला, आवार घातले, नाव 'बंगला' तेच ठेवले आणि साहेबाच्या छावणीबरोबर ते देशभर नेले. आज मराठीत कुणी 'त्यांनी बंगला बांधला' म्हणते तेव्हा मनात श्रीमंती येते. त्या शब्दाच्या मुळाशी मात्र बांबूची आणि गवताची झोपडी आहे.

कोकणाचे लाल छप्पर घ्या. ते आपल्याला अनादी वाटते. पण मंगलोरी कौल बासेल मिशनच्या कारखान्यात निघू लागले ते १८६५ साली. त्याआधी कुंभाराच्या चाकावरचे नळे होते, आणि गरिबाच्या घरावर गवत आणि पेंढा. चेट्टिनाडच्या भव्य वाड्यांतले सागवान ब्रह्मदेशातले आणि फरशी इटलीची. नाट्टुकोट्टै चेट्टियारांचा पैसा रंगूनच्या सावकारीत मिळवलेला. १९४२मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तो व्यापार बुडाला आणि वाड्यांना कुलुपे लागली. गोव्यातल्या घरांत तर दोन संसार एका छपराखाली दिसतात. रस्त्याच्या बाजूला पोर्तुगीज वळणाचा बाल्कांव, बसून गप्पा मारायला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाहायला. मागे हिंदू घराचे राजांगण आणि तुळशीवृंदावन. खिडक्यांना काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले. परंपरा म्हणजे जे कधी बदलले नाही ते, अशी समजूत असणाऱ्याने गोव्यातली दोन घरे नीट पाहावीत.

या घरांचा अभ्यास मात्र फार उशिरा सुरू झाला. आपल्या वास्तुविद्येवर आधुनिक पद्धतीने लिहिणारा पहिला भारतीय रामराज. त्याचा हिंदूंच्या वास्तुकलेवरचा इंग्रजी निबंध १८३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, लंडनमध्ये छापला गेला. त्याने 'मानसार'सारखे शिल्पग्रंथ वाचले आणि ते समजून घ्यायला जिवंत कारागिरांची मदत घेतली. पोथी आणि हात यांना एकत्र बसवण्याची ही रीत पुढे दीर्घकाळ कुणी चालवली नाही, हे आपले नुकसान. १८७६मध्ये जेम्स फर्ग्युसनचा मोठा ग्रंथ आला. नीळ विकून पैसे मिळवलेला हा माणूस देशभर हिंडला आणि इमारतींची शैलीवार, धर्मवार विभागणी करून त्याने एक नकाशा घालून दिला, जो विद्यापीठांत अजून पुरता पुसला गेलेला नाही. बौद्ध, जैन, हिंदू, मुसलमानी असे कप्पे त्यात आहेत. सामान्य माणसाचे घर कोणत्याच कप्प्यात बसत नव्हते, म्हणून ते राहिले. कलाशिक्षक हॅवेलने या मांडणीला विरोध केला. भारतीय मिस्त्री अजून जिवंत आहे, नवी दिल्ली बांधायची तर त्याच्या हातून बांधा, असा त्याचा आग्रह होता. तो ऐकला गेला नाही.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथे आला तो १९१४मध्ये. तेव्हाचे अभियंते जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रेघ मारून रुंद रस्ते काढत होते. गेडिस गल्ल्यांतून पायी फिरे, कोणते घर खरोखर मोडकळीला आले आहे ते बघे, तेवढेच पाडून तिथे मोकळा चौक किंवा झाड सुचवे आणि बाकीची वस्ती आहे तशी ठेवायला सांगे. १९१९मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या मागून घुर्ये आले, आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. ही गुरुपरंपरा मला महत्त्वाची वाटते. घराचा नकाशा वाचायला वास्तुशास्त्राइतकीच नातेसंबंधांची जाण लागते. सून सासऱ्यासमोरून जाते की मागच्या दाराने, बहिणीचा मुलगा वारस की भावाचा, पहिले बाळंतपण माहेरी की सासरी, यावर खोल्या ठरतात. कर्व्यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात भारतातली नातेव्यवस्था प्रदेशवार मांडली. भारतीय घरांवर लिहिणाऱ्याने तो ग्रंथ नकाशांच्या शेजारी उघडा ठेवावा.

केरळचे नालुकेट्टु हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मधल्या नडुमुट्टमभोवती, म्हणजे चौकाभोवती, चार बाजू, उतरती कौलारू छपरे. घर बांधण्याचे नियम सांगणारा 'मनुष्यालयचंद्रिका' हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकातला, आणि त्याचे नावच माणसाच्या घराचे आहे, देवाच्या नाही. नायरांच्या तरवाडात, म्हणजे एकत्र कुटुंबात, वारसा आईकडून जाई, म्हणून ते घर बहिणींचे आणि त्यांच्या मुलांचे. १९५८मध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी आपल्या कादंबरीला 'नालुकेट्टु' हेच नाव दिले, तेव्हा ती व्यवस्था आतून कुजली होती. १९७५च्या कायद्याने केरळातले एकत्र कुटुंब कागदावरून संपवले. वाटण्या झाल्या, चार बाजूंची घरे चार भावंडांत वाटता येईनात, लाकूड सुटे करून विकले गेले. अशी घरे पावसाने किंवा वाळवीने जेवढी खाल्ली नाहीत, तेवढी वारसाच्या वाटणीने खाल्ली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर दृष्टी बदलली. १९६४मध्ये बर्नार्ड रुडोफ्स्कीने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये वास्तुविशारदाशिवाय झालेल्या वास्तूंचे छायाचित्र-प्रदर्शन मांडले. ते लोकांना सुंदर वाटले. अमोस रापोपोर्टने १९६९मध्ये त्या सौंदर्याच्या पुढे जाऊन विचारले की हवामान सारखे असूनही शेजारच्या दोन जमाती वेगळी घरे का बांधतात. हवामान काय शक्य नाही एवढेच सांगते, काय करायचे ते संस्कृती ठरवते, हे त्याचे उत्तर. इथून वादाला तोंड फुटले आणि तो आजही मिटलेला नाही. एका बाजूला वारा, ऊन, भिंतीची जाडी मोजणारे. दुसऱ्या बाजूला पोथीतली मापे आणि वास्तुपुरुष शोधणारे. तिसरे समाज पाहणारे. त्यांत बडोद्याचे व्ही. एस. प्रमार मला सर्वांत पटतात, कारण १९८९च्या त्यांच्या पुस्तकात गुजरातच्या हवेलीचे लाकूडकाम आणि तिथले कुटुंब यांचा एकत्र विचार आहे. पॉल ऑलिव्हर यांचा जगातल्या लोकवास्तूंचा तीन खंडांचा कोश १९९७मध्ये आला, त्यात भारताला चांगली जागा आहे.

पण मला जवळचे वाटतात ते बांधणारे. ब्रिटिश वास्तुविशारद लॉरी बेकर मुंबईत गांधीजींना भेटले आणि १९४५मध्ये कामासाठी भारतात आले. घराचे साहित्य पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार ते जन्मभर सांगत राहिले. त्या विचाराचा नमुना आपल्या सेवाग्रामला उभा आहे. बापूकुटीच्या भिंती मातीच्या, छप्पर बांबू-कौलांचे, आणि ती अजून दरसाल लिंपली जाते. बेकरांनी केरळात विटेच्या भिंतीत पोकळी ठेवून विटा वाचवल्या, जुन्या कौलांना स्लॅबमध्ये भरले, चुना पुन्हा वापरात आणला. जुनी घरे जपणारी ठिकाणेही आहेत. भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासींची घरे उघड्यावर उभी केलेली आहेत. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये, ज्याच्या आखणीत बेकरांचा हात होता, दक्षिणेतली जुनी घरे सुटी करून आणून पुन्हा जोडली आहेत. गोव्यात तोरड्याला घरांचेच संग्रहालय आहे. पर्यटक ही ठिकाणे तासाभरात पाहून जातात. मी म्हणेन, तिथे छपराची डागडुजी चालू असेल त्या दिवशी जावे.

आता किल्लारीकडे यावेच लागते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे स्वतःच्या घराखाली गेली. ती घरे पारंपरिक होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आतला पदर आणि बाहेरचा पदर यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसलेल्या. वर पांढऱ्या मातीचे माळवद. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवा थर पडे, जुना खरवडून काढणे मात्र मागे पडत गेले, आणि छपराचे ओझे पिढीगणिक वाढत राहिले. जी दुरुस्ती घर जिवंत ठेवते असे मी वर म्हणाले, तीच इथे घराच्या जिवावर उठली. पण त्याच गावांतून फिरलेल्या अभियंत्यांनी हेही नोंदवले की अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या आणि लाकडी खण-खांबांची चौकट उभीच राहिली. चौकट बांधणाऱ्याला काहीतरी ठाऊक होते. भिंत रचणाऱ्याची ती जाण मधल्या काळात कुठेतरी गळून पडली, लाकूड महाग झाले, पाथरवट शहराकडे गेले, आणि रीत उरली ती फक्त हालचालींची.

म्हणून परंपरेची आंधळी स्तुती मला मान्य नाही, आणि तिच्यावर सरसकट ठपका ठेवणे तर मुळीच नाही. १८९७च्या आसामच्या भूकंपात दगडी-विटांच्या इमारती पडल्या, त्यानंतर तिथे लाकडी चौकट, इकरा गवताच्या काड्यांच्या भिंती आणि हलके छप्पर यांचे घर रुळले. २००१मध्ये भुजजवळ नीट बांधलेले भुंगे टिकले, शेजारची काँक्रीटची नवी घरे बसली. २००५च्या काश्मीरच्या भूकंपानंतर नियंत्रणरेषेपलीकडच्या सरकारने धज्जीला पुनर्बांधणीसाठी अधिकृत मान्यता दिली. याउलट किल्लारीनंतर अनेक गावे नव्या जागी हलवली, सरळ रस्त्यांवर एकासारखी एक घरे दिली. गोठ्याला जागा नाही, ओसरी नाही, भावकी विखुरलेली. लोकांनी यथावकाश त्या घरांपुढे पत्र्याचे छप्पर टाकून स्वतःची ओसरी करून घेतली. तिथे गेले असताना एका आजीने मला त्या पत्र्याखालीच बसवले. आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते सरकारचं. हे आमचं."

घरांबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. जुन्या घराच्या प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी अडवले गेले आहे. चौसोपी वाड्याच्या पहिल्या चौकापर्यंत कुणी यायचे, दुसऱ्यात कुणी, विहिरीवर कुणी नाही, हे दगडात कोरल्यासारखे पक्के होते. वाड्यातल्या स्त्रियांनी आयुष्ये काढली ती माजघराच्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या अंधारात. गावकुसाबाहेरची वस्ती तर वारशाच्या कुठल्याच यादीत आली नाही, जणू तिथे घरेच नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९४८मध्ये संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला जो नकार दिला, तो याच अनुभवातून. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना वाचल्यावर वाड्यांच्या नक्षीदार खांबांची छायाचित्रे पहिल्यासारखी पाहता येत नाहीत. या ग्रंथात वाड्याला जेवढा मान आहे तेवढाच कुडाच्या घराला, पालांना आणि चाळीलाही आहे. चाळ परंपरा कशी, असे काहींना वाटेल. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या त्या १९२०च्या दशकात. पण चाळीच्या लांब गॅलरीत कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांनी आपली ओसरी पुन्हा मांडली, दिवाळीचा कंदील आणि गणपतीचा मांडव तिथेच आला. माणसे ज्या रीतीने राहायला शिकली ती रीत तिथे जिवंत राहिली, म्हणून ती परंपरा.

आजच हे का लिहायचे? कारण आता घरे नुसती पडत नाहीत, ती दुरुस्त करणारी साखळीच तुटते आहे. पुण्याचे वाडे आधी १९६१च्या पानशेतच्या पुराने खिळखिळे केले, पण त्यांचा खरा जीव घेतला तो हळूहळू. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. त्या भाड्यात मालकाला कौल बदलणेही परवडेना, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीला चुना का लावेल? मोडकळ हा निर्णय झाला. वाडा पडण्याची वाट दोघेही पाहू लागले. हिमाचलात देवदार मिळत नाही, कोकणात नळे करणारा कुंभार उरलेला नाही, चुन्याची घाणी फिरवणारा बैल दिसत नाही. चुन्यात किती दिवस गूळ आणि हिरडा मुरवायचा हे सांगणारा गवंडी सत्तरीत आहे आणि त्याचा मुलगा बंगळूरला टाइल्स बसवतो. मुलाचे काही चुकले नाही, त्याला रोज जास्त मिळतो.

त्यात शब्दांनीही घात केला आहे. सरकारी मोजणीत मातीची भिंत म्हणजे 'कच्चे' घर. सिमेंटची, मग ती कितीही तापो, 'पक्की'. घरकुलाच्या अनुदानाला पक्के घर लागते, तेव्हा विदर्भातला शेतकरी थंड मातीचे घर पाडून स्लॅबखाली झोपायला जातो आणि उन्हाळ्यात ओट्यावर खाट टाकतो. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, हे पाहता माती, चुना, बांबू यांच्याकडे पुन्हा वळणे ही हौस राहिलेली नाही. तरी जुने उचलून तसेच ठेवता येईल असेही नाही. लेहमध्ये ऑगस्ट २०१०ची ढगफुटी झाली, पावसाची सवय नसलेल्या मातीच्या घरांत चिखल शिरला. हवामान बदलले की परंपरेलाही बदलावे लागेल, आणि ती पूर्वी बदलत आलीच आहे.

हा ग्रंथ ज्यांनी लिहिला त्यांत वास्तुविशारद आहेत, समाजशास्त्र शिकवणारे आहेत, दोन गवंडी आणि एक सुतार आहेत ज्यांनी बोलून सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतले. संपादकांनी सगळ्यांना एकच अट घातली होती. घर कसे दिसते ते लिहा, पण त्याची दुरुस्ती कोण करते, केव्हा, कशाने आणि कुणाच्या पैशाने, हे लिहिल्याशिवाय लेख घेतला जाणार नाही. या अटीने ग्रंथाचा चेहरा बदलला. नक्षीच्या वर्णनांत रमणारे लेखक जंगलखात्याच्या परवान्यांबद्दल लिहू लागले. एका लेखात गवताच्या पेंढ्यांचा हिशेब आहे, दुसऱ्यात सारवणारे बाईचे हात आणि ते काम कधीच मजुरी म्हणून मोजले गेले नाही याची नोंद. नकाशे मोजून काढलेले आहेत, आणि त्यांत नंतर घातलेली पडवी, बदललेली भिंत, टाकलेला पत्रा हेही दाखवले आहे. बहुतेक मोजणीनकाशांत असली भर पुसून 'मूळ' घर दाखवण्याची पद्धत असते. इथे ती मोडली याचा मला आनंद आहे.

ग्रंथ सगळा देश व्यापत नाही. ईशान्येकडच्या घरांना आणि भटक्या समाजांच्या पालांना आणखी जागा द्यायला हवी होती, असे मला वाटते आणि संपादकांना मी ते सांगितले आहे. वाचकाने पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याच्या मनात एखादे घर आहे त्याने त्या प्रदेशापासून सुरुवात करावी. शेवटी शब्दांची सूची आहे, खण, तळखडा, कडीपाट, नडुमुट्टम, टांका असे सगळ्या भाषांतले शब्द एका वर्णक्रमात. सूचीच्या पानांना मुद्दाम मोठा समास ठेवला आहे, वाचकाने आपल्या घरातले शब्द तिथे लिहावेत म्हणून. छापखान्यातून आलेल्या माझ्या प्रतीत 'प'खाली मी 'पागोळी' लिहून ठेवले आहे. वळचणीवरून पडणाऱ्या पाण्याच्या त्या धारेखाली दगडात पडलेल्या खळग्यांची रांग आमच्या अंगणात अजून आहे. वर आता पत्रा आहे, आणि उतरवलेले नळे मागच्या परसात, गोठ्याच्या भिंतीला टेकवून, रचून ठेवलेले आहेत.